बावीस मिनिटांचे हात

४ फेब्रुवारी

धाकटे,

पाय प्लास्टरमध्ये आहे म्हणजे दुखत असणारच, तेव्हा खुशाली विचारत बसत नाही. फोनही करत नाही, कारण फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो. पत्रात निदान समोरचीला पूर्ण बोलू द्यावं लागतं.

तर तुझ्या लाडक्या भाचीचं, म्हणजे माझ्या पोटच्या पोरीचं प्रदर्शन बघून आले. भिंगरीनं आधीच बजावलं होतं, "आई, पाचला ये, आणि तिथं कुणालाही काही नीट करायला सांगू नकोस." मी दुकान तासभर लवकर बंद केलं, ठेवणीतले कपडे घातले आणि गेले.

जुनं गोदाम आहे ते. भिंतींना पांढरा रंग दिला की गोदामाचं कलादालन होतं, हे मला नवीनच कळलं. बाहेरच्या खोलीत बाकीच्यांची कामं होती. एकानं तीन पायांची खुर्ची ठेवली होती. मी चौथा पाय शोधत बसले, तर शेजारचे गृहस्थ माझ्याकडे असे बघायला लागले की मीच तो पळवलाय. भिंगरीचं काम आत, काळ्या पडद्यामागे. मिट्ट काळोख. बाकाला गुडघा आपटला. समोर छतापासून जमिनीपर्यंत अस्तराचं कापड टांगलेलं, मधेमधे एक्स-रेच्या फिल्मा शिवलेल्या, कुणाच्या बरगड्या, कुणाचा गुडघा. चार-पाच पँटींच्या जुन्या चेनी. आणि त्या सगळ्यावर व्हिडिओ पडतो. त्यात काय आहे? दोन हात शिवतायत. चेहरा नाही, गोष्ट नाही, गाणं नाही. कोपऱ्यात जमिनीवर एक जुना टीव्ही, त्यात नुसती बॉबिन फिरते. हात सुईनं शिवतायत आणि आवाज मशीनचा. माझ्या दुकानात असं झालं असतं तर मी मशीन दुरुस्तीला पाठवलं असतं. भिंतीवर पाटी: "माप. मिश्र माध्यम. कापड, एक्स-रे फिल्म, दोरा, व्हिडिओ. बावीस मिनिटं."

लोक हनुवटीला हात लावून उभे होते. एकाच्या डोळ्यांत चक्क पाणी. तो बघतोय कुठं म्हणून मीही तिकडं बघितलं, तर तिथं एक चेन होती. ती बिघडलेली होती, ते मात्र माझ्या लगेच लक्षात आलं.

आणि मग मी त्या हातांकडे नीट बघितलं. उजवी करंगळी वाकडी. तू नऊ वर्षांची असताना दारात चिमटली होती ती. त्या दिवशी तुला दवाखान्यात मी नेलं होतं, आई नव्हे. मी ओळखणार नाही असं वाटलं होतं का तुम्हा दोघींना?

एकतीस वर्षं मी दुकान चालवते. पँटी आखूड करते, कोटाच्या बाह्या सोडते, चेनी बदलते. माझ्या हाताखाली अकराजणी शिकून गेल्या. आणि माझ्या मुलीला शिवणाऱ्या हातांचा व्हिडिओ काढायचा असतो, तेव्हा ती तुझ्याकडे जाते. तुझं काम काय, तर एक्स-रेच्या मशीनपुढं लोकांना "श्वास रोखा, हलू नका" सांगायचं!

मला काही वाटलं नाही. विचारते आहे एवढंच.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

"मला काही वाटलं नाही" हे तू पेन इतकं दाबून लिहिलंयस की ते कागदाच्या मागच्या बाजूला उमटलंय.

पाय ठणकतो. सहा आठवडे घराबाहेर पडायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. आमच्याच दवाखान्यातले डॉक्टर, त्यामुळे खोटं बोलायचीही सोय नाही. माझे हात तिथं भिंतभर झालेत आणि मी स्वतः ते तळहाताएवढ्या फोनवर बघितलेत. भिंगरी म्हणते, "मावशी, फोनवर बघितलंस म्हणजे बघितलंच नाहीस." म्हणून माझं एक काम कर. परत जा, नीट बघ आणि मला लिही. मनातलं नको लिहूस, दिसेल ते लिही.

हसू नकोस, कसं बघायचं तेही सांगते. मला हे येत नव्हतं. भिंगरी माझ्याकडे राहायची तेव्हा दर रविवारी मला अशा काळोख्या खोल्यांतून ओढून न्यायची. पहिलं वर्षभर मी झोपले. दुसऱ्या वर्षी दर वेळी विचारायचे, "पण याचा अर्थ काय?" एकदा ती वैतागून म्हणाली, "मावशी, तू एक्स-रे बघताना आधी अर्थ विचारतेस का?" तेव्हा माझी ट्यूब पेटली. आमचे मोठे डॉक्टर फिल्म बघतात तेव्हा पेशंटची बरगडी दुखत असली तरी आधी बरगडी बघत नाहीत. आधी चारही कोपरे बघतात, मग कडा, आणि बरगडी सगळ्यांत शेवटी. नाहीतर म्हणे माणसाला जे शोधायला गेलो तेवढंच दिसतं. तू शोधायला काय गेली होतीस ते मी सांगायला नको.

तेव्हा कोपरे बघ. मधोमध बसू नकोस. एक फेरी पूर्ण होऊ दे आणि दुसऱ्या फेरीलाही बसून राहा. दुसऱ्यांदा पुढं काय येणार ते माहीत असतं, म्हणून डोळे मोकळे होतात.

आणि आता विचारलंच आहेस तर सगळंच सांगते. नुसते हात नाहीत, ते कापडही मीच शिवलंय. आमच्याकडच्या टाकून द्यायच्या फिल्मा आणल्या, त्यावरची नावं कापली आणि अकरा संध्याकाळी बसून अस्तराला जोडल्या. भिंगरी म्हणाली, "मावशी, मला तुझाच हात हवा." आता यात मी काय करू? मिरवते आहे, हो. आयुष्यात एकदा मिरवू दे.

धाकटी


१९ फेब्रुवारी

धाकटे,

गेले होते. बुधवारी दुपारी, दुकान अर्धा दिवस बंद ठेवून. तुझं पत्र पर्समध्ये होतं. ते चिडून बरोबर नेलं होतं, पण नेलं होतं.

दुपारी तिथं कुणी नसतं. मी आणि राखण करणारी एक बाई. दिवसभर स्टुलावर बसून असते, कुणी कशाला हात लावू नये म्हणून. पहिली फेरी माझी वायाच गेली. मी तुझे टाके बघत होते. ते सांगते नंतर.

दुसऱ्या फेरीला कोपरे बघितले. डाव्या कोपऱ्यात कापड किंचित हलतं, वरच्या पंख्याच्या वाऱ्यानं. ते हललं की हात त्या बाजूला सरकतो, नुसता बोटभर, आणि परत येतो. मग बरगड्यांची फिल्म. ती काचेसारखी असल्यानं तिच्यातून उजेड आरपार जातो आणि मागच्या भिंतीवर बरगड्यांची सावली पडते. त्या सावलीच्या आत तुझा हात शिवत असतो. म्हणजे एक हात कापडावर आणि एक मागं कुणाच्या तरी छातीत. हे मला पहिल्यांदा दिसलंच नव्हतं. इतकी मोठी भिंत, आणि दिसलं नव्हतं.

स्टुलावरची बाई म्हणाली, "तिथून नका बघू, इकडं या. इथून हात मोठा होतो." खरंच होतो. मी विचारलं, "दिवसभर तेच तेच बघून कंटाळा येत नाही?" म्हणाली, "पहिल्या आठवड्यात आला. आता कुठला टाका कधी येतो ते पाठ झालंय, म्हणून दुसरं काय काय दिसतं." तिनंच दाखवलं, उजवीकडं खाली कापडाला चुण्या पडल्यात तिथं हात आला की एकदम म्हातारा होतो. सुरकुतलेला, थरथरणारा. चुण्यांच्या पुढं गेला की परत तुझा. ते बघताना मी दोन्ही हात काखेत घेतले. थंडी फार असते तिथं.

लिहिलं दिसलं ते. आता टाके.

त्या चुण्या कशानं पडल्यात माहीत आहे ना? तू दोरा ओढलायस म्हणून. पिशवीची नाडी ओढावी तसा. दोन वीत शिवण सगळी गोळा झालीय, एक टाका लांब, एक तोकडा, आणि शेवटची गाठ तर सुटायलाच आलीय. तुला धावदोरा मी शिकवला होता. तू तेव्हाही ओढायचीस. लोक तिथं उभे राहतात, पाटी वाचतात. एखादीला ठाऊक असतंच की हिची आई शिवणकाम करते. तिला काय वाटेल?

भिंगरीला सहज विचार, मी विचारलं म्हणून सांगू नकोस. ती शिवण तशीच ठेवायची आहे का?

ताई


२६ फेब्रुवारी

ताई,

आज मोठं पत्र नाही. भिंगरीचा फोन आला होता. म्हणाली, "मावशी, कुणीतरी माझं काम बिघडवलं." शुक्रवारी दुपारी कुणीतरी उजवीकडची दोन वीत शिवण उसवून परत घातली. कापड सपाट केलं. दालनवाल्यांनी त्या स्टुलावरच्या बाईकडून लेखी उत्तर मागितलंय. ती दहा मिनिटं चहाला गेली होती म्हणते. तिची नोकरी जाईल अशी बोलणी चालू आहेत.

भिंगरीनं मला फोटो पाठवला. मी तो मोठा करून बघितला. इंचाला दहा टाके, सगळे एका मापाचे, आणि सुरुवातीला उलटा टाका घेऊन लपवलेली गाठ. ताई, काळोखात, टेबलाशिवाय, टांगलेल्या कापडावर असा टाका घालणारी मला एकच बाई माहीत आहे.

भिंगरीला मी काही बोललेले नाही. तू बोल.

धाकटी


२ मार्च

धाकटे,

मीच.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच मी कबूल करून आले होते, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेव. बाकी माझ्या बाजूनं लिहिण्यासारखं फार नाही.

सुई आणि दोरा मी घरूनच घेऊन गेले होते. उगाच "तिथं गेल्यावर सुचलं" असं सांगणार नाही. अस्तराच्या रंगाचा दोरा दुकानात तीन रिळं धुंडाळून काढला. बाई चहाला जाते ते मला ठाऊक होतं, कारण बुधवारी मीच तिला म्हटलं होतं, "जा हो, मी आहे इथं." शुक्रवारी परत तसंच म्हटलं. दहा मिनिटांची ती पाऊण तास गेली, कारण माझ्यावर तिचा विश्वास होता. आता नसेल. तुझी शिवण उसवताना मला काय वाटत होतं ते सांगते. मजा वाटत होती. प्रत्येक टाका कापताना मनात म्हणत होते, अकरा संध्याकाळी काय, घे. माझ्या मुलीच्या कामात तुझा हात, कापडावर तुझा हात, सहा वर्षं घरात तुझा हात. यांच्या आजारपणात मी तिला तुझ्याकडं ठेवली ती दोन महिन्यांसाठी. दोन महिन्यांची सहा वर्षं झाली आणि ती परत आली ती तुझ्यासारखी पाय पोटाशी घेऊन बसायला शिकून. तेव्हापासून मी जळते आहे. आता लिहिलंच आहे तर नीट लिहिते: तुझ्यावर जळते.

आणखी एक. पहिल्या दिवशी एका बाईनं मला विचारलं, "हे हात तुमचे का?" मी "हो" म्हटलं. तिनं माझा हात हातात घेतला आणि "किती सुंदर" म्हणाली. मी करंगळी आत दुमडून घेतली. हे तुला पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं.

बरं. शिवून झालं, गाठ लपवली, नखानं शिवण दाबली आणि ऐटीत बाकावर जाऊन बसले. आता बघा म्हटलं, कसं दिसतंय. हात आला. उजवीकडं खाली गेला. आणि नुसताच गेला. धाकटे, तिथं काही झालंच नाही. तो म्हातारा झाला नाही, थरथरला नाही. सपाट कापडावर सपाट हात. दुकानात दोऱ्याच्या कंपनीचं कॅलेंडर येतं ना, तसं चित्र. दोन फेऱ्या बसले. कोपरे बघितले, कडा बघितल्या. सगळं जागच्या जागी होतं, एवढं सोडून. मी आजवर इतके कपडे नीट केले, पण नीट केल्यावर एखादी गोष्ट मरते हे पहिल्यांदा बघितलं. आणि कळलं तेही किती उशिरा! चुण्या होत्या तेव्हा मला नुसत्या चुण्या दिसत होत्या.

घरी आले. दोन दिवस कुणाला बोलले नाही. स्टुलावरच्या बाईचं भिंगरीकडून कळलं तशी उठून गेले, दालनाच्या व्यवस्थापकाला कागदावर लिहून दिलं, खाली सही केली. बाईचं उत्तर त्यांनी माझ्यासमोर फाडलं. तिची मी माफी मागितली. ती म्हणाली, "काकू, निदान मला सांगितलं असतंत, मी तुम्हाला थांबवलं असतं." मला तोंडात मारल्यासारखं झालं.

भिंगरी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. कापडाजवळ उभी राहून माझी शिवण बोटानं चाचपली आणि म्हणाली, "आई, आता तूच हे परत बिघडव."

तेवढं जमत नाहीये. तीनदा उसवलं. डोळे मिटून शिवलं, डाव्या हातानं शिवलं. भिंगरी उजेड टाकून बघते आणि मान हलवते. डाव्या हाताचं नुसतं वेंधळं दिसतं आणि उजवा हात सरळच जातो. एकतीस वर्षांची खोड. प्रदर्शनाचे शेवटचे दोन आठवडे उरलेत. तू कसं शिवतेस ते लिही. दोरा किती ओढतेस, कधी ओढतेस, सगळं. तुझ्याकडून शिवण शिकायची वेळ माझ्यावर यावी, हस पोटभर.

ताई


९ मार्च

ताई,

हसले नाही. दोन दिवस तुझ्यावर भयंकर चिडले होते, ते मात्र खरं. अकरा संध्याकाळी माझ्या होत्या, आणि तू त्या मजेत कापल्यास. ते मी विसरणार नाही. पण चिडून बसायचा मला फारसा हक्क नाही. का ते सांगते, मग ठरव.

वाकडं शिवायची युक्ती माझ्याकडं नाही. मी वाकडं शिवतच नव्हते. मी जिवाच्या आकांतानं सरळ शिवत होते. तुझ्यासारखं. भिंगरी समोर बसून सांगायची, "आई असा टाका घालते, आई तसा घालते." तुझ्यासारखं करायला गेले की माझा दोरा आवळला जातो. त्याला मी काय करू! चुण्या पडल्या तेव्हा मी रडकुंडीला आले होते. उसवायला निघाले तर भिंगरीनं त्यावर उजेड टाकला आणि म्हणाली, "राहू दे."

आता हातांचं. "मावशी, मला तुझाच हात हवा" हे मी तुला लिहिलं ते खोटं होतं. ती असं म्हणाली नाही. ती आली आणि म्हणाली, "आई नाही म्हणाली. तू बसशील का?" तिनं आधी तुलाच विचारलं होतं, ताई. दोनदा. शाळा उघडायच्या आधीचे दिवस होते, तुझ्याकडं गणवेशांचा ढीग होता. तू म्हणालीस, "तुझे खेळ मला आत्ता परवडत नाहीत." तुला आठवतही नसेल. तिला आठवतं.

म्हणून मी बसले. पूर्ण बावीस मिनिटं मी तुझं सोंग केलंय. सुई ओवायच्या आधी मी कापडावरून हाताची पाठ दोनदा फिरवते, ते तू करतेस. मी कधी करत नाही. दोरा दातानं न तोडता बोटाला गुंडाळून तोडते, तेही तुझं. चिमटीत कापड धरून उजेडाकडं नेते, ते तुझं. तिला सगळं पाठ होतं. मी एखादं चुकले की कॅमेऱ्यामागून म्हणायची, "नाही मावशी, आई असं नाही करत." परत पहिल्यापासून. तुला तुझे हात ओळखू आले नाहीत, कारण स्वतःचे हात काम करताना कुणी बघतं का?

आणि तू म्हणतेस तू माझ्यावर जळतेस! सहा वर्षं ती माझ्या घरात राहिली. ताप आला की रात्रभर मी उशाशी. आणि बरं वाटलं की पहिलं वाक्य, "आई पट्टी अशी ठेवते." मला मूल नाही हे मला कुणी कधी टोचून बोललं नाही, पण ती रोज न टोचता बोलायची. म्हणून तुझं ते पहिलं पत्र आलं ना, "तुझेच हात आहेत" म्हणून, तेव्हा मला इतका आनंद झाला की खरं सांगावंसंच वाटेना. म्हटलं, काही दिवस राहू दे माझे.

एकच गोष्ट माझी आहे त्यात. चौदाव्या मिनिटाला हात थांबतो. टाका अर्धा, सुई कापडात, आणि हात तसाच. जवळजवळ मिनिटभर. लोकांना ते मुद्दाम केलेलं वाटतं. तसं नाही. जमिनीवरच्या टीव्हीला अगदी चिकटून बस, म्हणजे ऐकू येईल. आवाज त्यातून येतो आणि मशीनच्या आवाजाखाली दबलाय. ऐकून ये. मी सांगणार नाही.

शिवण जमली का ते कळव. प्लास्टर बाविसाव्या तारखेला काढतील.

धाकटी


१७ मार्च

धाकटे,

शिवण जमली. कशी ते ऐक. तुझं पत्र वाचून मी सरळ तिथं गेले, भिंगरीला बॅटरी धरायला लावली आणि कापडापाशी खाली बसले. या वेळी हातातल्या शिवणीकडं बघितलंच नाही. वर टांगलेल्या कापडावर तुझा हात चालला होता तिकडं बघत, तो करेल तसं करत गेले. तू दोरा ओढलास की मी ओढला. तू लांब टाका घातलास की मी घातला. तू माझी नक्कल करत होतीस आणि मी तुझी, आणि समोर उभी राहून आमच्यातल्या कुणाची चूक होतेय ते पोरगी बघत होती. दोन वीत झाल्यावर ती म्हणाली, "हां." एवढंच. तुझ्यासारख्या चुण्या नाहीत पडल्या. आता हात तिथं म्हातारा होत नाही, मनगटाशी दुमडतो. भिंगरी म्हणाली, राहू दे. स्टुलावरच्या बाईला पहिलं जास्त आवडायचं. तिनं ते मला तोंडावर सांगितलं.

ते गणवेशांचं. आठवलं. तिनं दारात उभं राहून विचारलं होतं. मी मशीनवर होते. मागं वळून बघितलं नव्हतं, म्हणून तिचा चेहरा आठवत नाही. वाक्य मात्र माझंच आहे, मी तस्संच बोलते.

हातही बघितले. तू सांगितल्यावर दिसले. कापडावरून हाताची पाठ दोनदा फिरवणं बघून मला लाज वाटली, कुणीतरी चोरून बघत असल्यासारखी. आणि बघितलंच होतं की तिनं. किती वर्षं बघत होती कोण जाणे. तीन वेळा मी तिथं बसले, कोपरे बघितले, चेनी बघितल्या, तुझी करंगळी बघितली. स्वतःला कुठं बघितलं नाही.

मग टीव्हीला चिकटून जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरत होते. चौदावं मिनिट आलं. मला आजवर वाटायचं, तिथं तू दमलीस. आधी मशीनचा आवाज, नेहमीचा. तुझा हात मंद झाला. आणि खालून भिंगरीचा आवाज आला, अगदी हळू, "मावशी, आई थांबत नाही."

तक्रार नव्हती गं त्यात. रागही नव्हता. तुला माहिती दिल्यासारखं सांगत होती, सुई अशी धरायची, दोरा असा तोडायचा, आणि आई थांबत नाही. शाळेतून आली की ती कापायच्या टेबलापाशी उभी राहून माझ्या पाठीशी बोलायची. मी म्हणायचे, "बोल, ऐकतेय मी." आणि ऐकायचेही, खरंच. पण हात चालू असायचे. तिनं तेच शिकून ठेवलं.

आणि तू थांबलीस. तिनं सांगितल्यावर तर उलट पटकन शिवायला लागायला हवं होतं, सोंगच करायचं होतं तर. तू सुई सोडून दिलीस आणि हात तसाच ठेवलास. तो तुझा हात आहे हे मला तेव्हा करंगळी न बघता कळलं. ही पोरगी सगळं कापते, तासाचं मिनिट करते. हे मिनिट तिनं कापलं नाही. आख्खं ठेवलं.

तुझ्यावर जळणं कमी झालं असं लिहायचं होतं. झालं नाही. आधी मी बावीस मिनिटांसाठी जळत होते, आता एका मिनिटासाठी जळते, आणि हे जास्त जोरात आहे. बाकीची एकवीस माझी आहेत म्हणतेस ना, तर ती घे तुला. मला ते एक दे. तिथं बसून मी तुझ्याशी असा सौदा करत होते, आणि तू देणार नाहीस हेही मला माहीत होतं. मीही दिलं नसतं.

तेवढ्यात भिंगरी पडदा सारून आत आली. म्हणाली, "आई, साडेपाच झाले. तुझं कोटवालं गिऱ्हाईक दुकानाशी येऊन उभं असेल." मी उठले नाही. म्हटलं, "उभं राहू दे. अजून आठ मिनिटं आहेत, बस."

तिनं आधी पडदा नीट लावून घेतला. मग बसली. मधे हातभर जागा सोडून बसली, पण बसली.

ताई